वरच्या वर्गातल्याचं पुस्तक: पी-टू-पी व्हिडिओमध्ये कोण कोणाला काय देतं

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर होतो तेव्हा आमच्या लॅनवर, म्हणजे हॉस्टेलच्या आतल्या नेटवर्कवर, डीसी प्लस प्लस नावाचं फाइल शेअर करायचं सॉफ्टवेअर चालायचं. ज्यांनी वापरलंय त्यांना लगेच आठवेल, प्रत्येकाने आपल्या हार्डडिस्कवरचा एक फोल्डर शेअर करायचा आणि हबवर सर्च मारून दुसऱ्याच्या फोल्डरमधलं हवं ते ओढून घ्यायचं. नवा हिंदी सिनेमा असला की तीस-चाळीस जणांकडे सापडायचा आणि बघता बघता उतरायचा. एकदा मला एक जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा हवा होता, तो अख्ख्या हॉस्टेलमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच मुलाकडे होता. साठ टक्के उतरला आणि तो मुलगा कॉम्प्युटर बंद करून दिवाळीला गावी गेला. सुट्टी संपेपर्यंत माझी फाइल तशीच लटकलेली.

तेव्हा नुसती चिडचिड झाली. पुढे पी-टू-पी (पीअर-टू-पीअर, म्हणजे सगळं एका सर्व्हरकडून न घेता लोकांनी एकमेकांना देणं) व्हिडिओबद्दल वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की या सगळ्या विषयाचं मूळ दुखणं मी तेव्हाच अनुभवलं होतं. लॅन फास्ट होती, कितीतरी डिस्क अर्ध्या रिकाम्या होत्या, द्यायला कोणाची ना नव्हती, म्हणजे तसं बघितलं तर कमी काहीच नव्हतं, फक्त जो सिनेमा हवा तो चालू असलेल्या एकाही मशीनवर नव्हता. पी-टू-पीमध्ये रिसोर्सचं वाटप म्हणतात ते हेच: आहे तेवढंच सामान, पण ते कोणाच्या घरात ठेवायचं, कोणी आधी मागायचं आणि कोणाला आधी द्यायचं.

आधी साधा हिशोब करू. समजा एका वेळी १ लाख लोक सिनेमा बघतायत आणि सिनेमाचा बिटरेट, म्हणजे बघताना सेकंदाला लागणारा डेटा, ४०० केबीपीएस (सेकंदाला ४०० किलोबिट) आहे (आज हसू येईल, पण २००७-०८ साली तो चांगला मानला जायचा). म्हणजे कंपनीच्या सर्व्हरमधून सेकंदाला ४० गिगाबिट बाहेर पडायला हवेत, आणि एवढ्या बँडविड्थचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. पी-टू-पीवाले म्हणतात, अरे हे १ लाख लोक नुसते घेतायत कशाला, त्यांच्याकडेही अपलोड आहे, डिस्क आहे, ज्याने सिनेमाचा तुकडा घेतलाय त्याने तो पुढच्याला द्यावा. मग सर्व्हरने फक्त जे कोणाकडेच सापडत नाही तेवढंच पुरवायचं.

हे खरंच चाललं, आणि मोठ्या प्रमाणावर चाललं, ते चीनमध्ये. पीपीलाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर होतं, २००४ च्या सुमारास वुहानच्या ह्वाजोंग विद्यापीठातल्या याओ शिन नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं. आधी ते लाइव्ह टीव्हीसाठी होतं, २००७ च्या शेवटी त्यांनी व्हिडिओ ऑन डिमांड काढलं, म्हणजे हवा तो सिनेमा हवा तेव्हा लावा. काही महिन्यांतच एका वेळी दीड लाख लोक बघत होते. २००८ मध्ये त्यांच्या इंजिनिअर्सनी हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या जॉन लुई, डा-मिंग च्यू वगैरे संशोधकांबरोबर सिगकॉम या कॉम्प्युटर नेटवर्कवरच्या कॉन्फरन्समध्ये पेपर दिला आणि त्यात आतलं यंत्र बऱ्यापैकी उघडून दाखवलं. एवढी चालती सिस्टीम आतून बघायला क्वचितच मिळते. त्यांच्या मोजणीत एका बघणाऱ्याला सरासरी ३५२ केबीपीएस शेजाऱ्यांकडून मिळत होते आणि सर्व्हरकडून फक्त ३२, म्हणजे साधारण ८ टक्के. वरच्या हिशोबात ४० गिगाबिटच्या जागी साडेतीनच्याही खाली काम भागलं म्हणा ना.

पण इथपर्यंत पोचणं सोपं नव्हतं, आणि का सोपं नव्हतं ते समजायला लाइव्ह आणि ऑन डिमांड यातला फरक बघावा लागतो. लाइव्ह मॅचमध्ये सगळे एकाच क्षणाला बघत असतात, सगळ्यांना तोच तुकडा त्याच वेळी हवा असतो, त्यामुळे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी जमते, तुझ्याकडे हा आहे मला दे, माझ्याकडे तो आहे तू घे. ऑन डिमांडमध्ये एकाने आत्ता सिनेमा लावलाय, दुसरा मध्यंतरापर्यंत पोचलाय, तिसऱ्याचा शेवट चालू आहे.

आपल्याकडे शाळेत असायचं बघा, वार्षिक परीक्षा झाली की सहावीतल्या मुलाची पुस्तकं पाचवीतून वर येणाऱ्याला मिळायची. कव्हर घातलेली, समासात पेन्सिलने खुणा केलेली. सहावीतला पाचवीतल्याला देऊ शकतो, पाचवीतला सहावीतल्याला काय देणार? त्याची पुस्तकं सहावीतल्याची वाचून झालेली. ऑन डिमांडमध्ये देणं असंच फक्त वरून खाली वाहतं. जो पुढे गेलाय त्याच्याकडे मागच्याला हवे ते सगळे तुकडे आहेत, मागच्याकडे पुढच्याला उपयोगाचं काहीही नाही.

म्हणूनच बिटटोरेंट या फाइल वाटून घ्यायच्या पी-टू-पी पद्धतीची प्रसिद्ध युक्ती इथे अडखळते. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटोरेंट काढलं तेव्हा त्यात जशास तसं हा नियम घातला होता, जो मला देतो त्याला मी देतो, आणि अधूनमधून एखाद्या नवख्याला उगाच संधी देऊन बघतो. फाइल डाउनलोड करायला हे मस्त चालतं कारण सगळे तुकडे सगळ्यांना कधी ना कधी हवेच असतात, कुठल्याही क्रमाने मिळाले तरी शेवटी फाइल पूर्ण. सिनेमा बघताना मात्र तुकडे क्रमाने हवेत आणि वेळेत हवेत, आणि पाचवीतल्याकडे परतफेड करायला काही नाही, तर जशास तसं लावलं तर पाचवीतला उपाशीच राहील. परतफेड सहावीतल्याला नाही करायची, चौथीतल्याला करायची. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं.

आता सर्वात आधीचा प्रश्न, डिस्कचा. पीपीलाइव्ह प्रत्येक युजरच्या डिस्कवरची साधारण १ जीबी जागा घ्यायचं. ४०० केबीपीएसने दोन तासांचा सिनेमा म्हणजे जवळपास ३६० एमबी, तर एकाच्या डिस्कवर दोन-तीन सिनेमेच मावतात. चालू सिनेमाच ठेवायचा का जुने पण ठेवायचे हा प्रश्न होता. त्यांनी जुने पण ठेवले, कारण मी काल बघितलेला सिनेमा आज कोणीतरी बघत असणार आणि माझं मशीन चालू असेल तर मी तो देऊ शकतो. पण जागा भरली की काढायचं काय? कॉम्प्युटरवाल्यांचं नेहमीचं उत्तर म्हणजे सगळ्यात जास्त दिवस हात न लागलेलं काढा. त्यांनीही आधी तेच केलं आणि सर्व्हरवरचा भार, म्हणजे एकूण डेटातला सर्व्हरला द्यावा लागणारा वाटा, १९ टक्क्यांवर अडकला.

मग त्यांनी प्रत्येक सिनेमासाठी एक साधा भागाकार केला: किती जणांकडे हा सिनेमा साठवलेला आहे, भागिले आत्ता किती जण तो बघतायत. उपलब्धतेला मागणीने भागायचं, बस. समजा एका गाजलेल्या सिनेमाच्या १५०० प्रती आहेत आणि ३०० जण बघतायत, उत्तर ५. दुसरा कुठलातरी जुना सिनेमा, ९ प्रती आणि ६ बघणारे, उत्तर दीड. (हे आकडे मी समजवायला घेतलेत.) माझ्या डिस्कवर दोन्ही आहेत आणि एक काढायचाय, तर गाजलेला काढायचा, त्याची एक प्रत गेली तरी कोणाला कळणार नाही, जुन्याची एक गेली तर ९ च्या ८ होतात. सिनेमा माझ्याकडे किती पूर्ण आहे आणि त्याच्या प्रतींची गरज किती आहे हे दोन्ही बघून वजन काढायचं आणि त्याप्रमाणे निर्णय घ्यायचा. एवढ्या बदलाने सर्व्हरचा भार १९ टक्क्यांवरून ७ ते ११ च्या दरम्यान आला. एकही नवी डिस्क नाही, एक केबीपीएस जास्तीचा अपलोड नाही, फक्त काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे बदललं. मला या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

इथे एक गंमतशीर बारकावा आहे. कोणालाही वाटेल की ज्या सिनेमाला दुप्पट बघणारे त्याच्या दुप्पट प्रती ठेवाव्यात, मागणीच्या प्रमाणात. पण गाजलेल्या सिनेमाचा प्रत्येक बघणारा स्वतःच एक चालतीबोलती प्रत असतो, तो बघता बघता मागच्यांना देत असतो. त्याच्या प्रती आपोआप वाढतात. ज्याला एका वेळी एखाद-दुसराच बघणारा आहे त्याला ही मदत मिळत नाही, त्यामुळे प्रमाणात जेवढं बसतं त्यापेक्षा थोडं जास्तच त्याच्या वाट्याला द्यावं लागतं. पुढच्या काही वर्षांत गणिती अभ्यासांनीही हेच दाखवलं की नुसतं प्रमाणात वाटणं हे सर्वोत्तम नाही.

दुसरा प्रश्न, मागणाऱ्याने कोणता तुकडा आधी मागायचा. इथे तुकड्याचे तीन आकार लक्षात ठेवा. पीपीलाइव्हमध्ये साठवायचा आणि जाहीर करायचा मोठा तुकडा २ एमबीचा, त्याला चंक म्हणायचे, ४०० केबीपीएसला तो साधारण ४० सेकंदांचा सिनेमा झाला. प्लेअरला दाखवता येईल असा छोटा तुकडा १६ केबीचा, आणि प्रत्यक्ष नेटवर पाठवायचा कण १ केबीचा. एवढी भानगड कशाला? तर प्रत्येकाने शेजाऱ्यांना सारखं सांगत राहावं लागतं की माझ्याकडे काय काय आहे. ३६० एमबीच्या सिनेमाचे २ एमबीचे तुकडे केले तर १८०, म्हणजे १८० हो-नाही, पंचवीस बाइट्सच्या आत मावलं. तेच १६ केबीच्या हिशोबाने सांगायचं तर २३ हजार हो-नाही, आणि ते सारखं सारखं शेकडो जणांना, निम्मा अपलोड गप्पांतच जायचा. पण मागताना बारीक कण मागता येतात, त्यामुळे एकच तुकडा आठ-दहा जणांकडून थोडा थोडा गोळा करता येतो. त्यांच्या अनुभवात ५०० केबीपीएसच्या आसपासच्या सिनेमाला ८ ते २० शेजारी पुरत होते, अजून वाढवले की तोच कण दोघांकडून येऊन वाया जायला लागायचा.

आता क्रम. सरळ विचार केला तर पुढचा लागणारा तुकडा आधी मागा, सिनेमा अडकणार नाही. पण सगळ्यांनी असंच केलं तर शेवटाचे तुकडे फार थोड्यांकडे राहतात, कारण कितीतरी लोक सिनेमा अर्ध्यावर सोडतात. दुसरी रीत बिटटोरेंटची, जो तुकडा सगळ्यात दुर्मिळ तो आधी घ्या, नेटवर्कचं भलं होतं पण माझ्या स्क्रीनवर चक्र फिरत बसतं. तर त्यांनी दोन्ही मिसळलं, जवळचं क्रमाने, आणि थोडी उसंत असली की दुर्मिळ. लोक सिनेमात पुढे-मागे उड्या मारतात म्हणून ठराविक अंतरावरचे तुकडे आधीच आणून ठेवायचे, म्हणजे उडी मारली की जवळच्या ठिकाणी उतरता येईल, असाही पर्याय होता. पण मोजून बघितलं तर एका सिनेमात लोक सरासरी दोनपेक्षाही कमी उड्या मारत होते, मग त्याची गरज पडली नाही. मोजून बघणं किती उपयोगी असतं बघा, नाहीतर कोणीतरी सहा महिने त्यावर कोड लिहीत बसला असता.

तिसरा प्रश्न देणाऱ्याचा, आणि माझ्या मते अवघड तोच. माझ्याकडे अपलोड थोडा आहे आणि चार जण मागतायत. एकाच्या बफरमध्ये, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेल्या साठ्यात, ३ सेकंद उरलेत, दुसऱ्याकडे दीड मिनिट. माणुसकीने बघा किंवा गणिताने बघा, ३ सेकंदवाल्याला आधी द्यायला पाहिजे, कारण दुसऱ्याला अर्ध्या मिनिटाने दिलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पण तो ३ सेकंदवाला एकटा असेल आणि त्याच्यामागे कोणीच नसेल, आणि दीड मिनिटवाल्याच्या मागे पन्नास जणांची रांग असेल तर? त्याला दिलेला तुकडा पुढे पन्नास जणांना जाणार. कोणाला आधी द्यायचं?

यावर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एमएसएन व्हिडिओच्या नऊ महिन्यांच्या नोंदी घेऊन छान विचार केला होता. त्यांनी आधी परिस्थितीच्या दोन जाती पाडल्या. बघणाऱ्यांचा सरासरी अपलोड सिनेमाच्या बिटरेटपेक्षा जास्त असेल तर सुबत्ता, कमी असेल तर टंचाई. टंचाईत कितीही हुशारीने वाटा, उरलेलं सर्व्हरनेच भरायचं. सुबत्तेत सर्व्हर जवळपास मोकळा. खरी कसोटी त्या दोन्हींच्या सीमेवर लागते, कारण घडीत सुबत्ता घडीत टंचाई, कोणीतरी फास्ट कनेक्शनवाला उठून गेला की पारडं फिरलं. तिथे करायचं काय, तर सुबत्तेच्या क्षणी जास्तीचा अपलोड वाया न घालवता लोकांच्या बफरमध्ये आगाऊ भरून ठेवायचा, म्हणजे टंचाईचा क्षण आला की ते साठ्यावर तग धरतील. पावसाळ्यात धरण भरून ठेवतो तसं.

आणि हा आगाऊ साठा कोणाच्या बफरमध्ये? त्यांनी दोन पद्धती तपासल्या. एकीत पाण्याची पातळी सगळीकडे सारखी ठेवायची, ज्याचा साठा सगळ्यात कमी त्याला आधी भरायचं. दुसरीत प्रत्येकाने आपलं जास्तीचं सरळ आपल्या लगेच मागून आलेल्याला द्यायचं, सहावीतल्याने फक्त पाचवीतल्याला, बाकी शाळेचा हिशोब त्याने ठेवायचा नाही. मला दुसरी पद्धत आवडते. पहिलीला प्रत्येक क्षणी सगळ्यांच्या बफरची खबर लागते आणि एवढ्या लोकांची ताजी खबर ठेवणं हेच एक मोठं काम होऊन बसतं. दुसरीला फक्त माझ्या मागे कोण आहे एवढंच कळलं की पुरे.

इथे एक शंका येणारच, की मी दिलंच नाही तर? अपलोड बंद करून नुसता सिनेमा बघितला तर? बिटटोरेंटमध्ये जशास तसं हीच शिक्षा होती, इथे ती चालत नाही हे वर बघितलं. पीपीलाइव्हचा मार्ग कडक होता. सॉफ्टवेअर त्यांचंच, किती द्यायचं हे युजरच्या हातात ठेवलंच नव्हतं, आणि आपल्याकडचे तुकडे नियमित जाहीर केले नाहीत तर सिनेमाच बंद. मला हे पूर्णपणे पटत नाही. ज्या माणसाचा डेटा मोजूनमापून आहे त्याच्या नकळत त्याचा अपलोड खर्च करणं चूक आहे, निदान त्याला स्पष्ट सांगायला हवं. सगळ्यांकडे द्यायला सारखंही नसतं. युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये बसलेल्याचा अपलोड दांडगा, घरच्या तेव्हाच्या एडीएसएलवाल्याचा, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट घेणाऱ्याचा, डाउनलोडच्या मानाने एवढासा. शिवाय बहुतेक लोक राउटरच्या आड असतात, बाहेरून सरळ त्यांच्याशी जोडता येत नाही, त्यासाठी वेगळी खटपट लागते. आणि इंटरनेट कंपन्यांचं वेगळंच, माझा शेजारी त्याच कंपनीच्या लाइनवर असताना मी तुकडा भलत्याच देशातून आणला तर त्यांचा खर्च वाढतो, म्हणून जवळचा शेजारी आधी हाही नियम घालावा लागतो.

मग ही पद्धत मागे का पडली? संगीतात स्पॉटिफायने हीच कल्पना वापरली होती, २०१० च्या त्यांच्या आकडेवारीप्रमाणे फक्त ८.८ टक्के डेटा सर्व्हरमधून जायचा, ३५.८ टक्के इतर युजरकडून आणि उरलेला ५५.४ टक्के युजरच्या स्वतःच्या डिस्कवरूनच. तरीही २०१४ मध्ये त्यांनी पी-टू-पी बंद केलं. बीबीसीच्या आयप्लेअरने तर त्याही आधी सोडलं होतं. कारण उघड आहे, सर्व्हरची बँडविड्थ स्वस्त झाली आणि लोक मोबाइलवर आले. मोबाइलची बॅटरी, रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, यात दुसऱ्यासाठी अपलोड कोण करणार. नेटफ्लिक्सने आपले स्टोरेजचे डबे इंटरनेट कंपन्यांच्या आतच नेऊन ठेवले. पण त्या डब्यांतही जागा ठराविकच असते, तिथेही कमी वर्दळीच्या वेळी ठरवावं लागतं की उद्या काय लागेल, कुठल्या डब्यात काय भरायचं, काय काढायचं. डिस्क लोकांच्या घरातून कंपनीच्या डब्यात गेली, प्रश्न तोच राहिला.

मला मात्र अजून आशा आहे ती पीअरट्यूबसारख्या, आपले व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर ठेवू देणाऱ्या प्रकल्पाकडून. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या संस्थेने तो उभा केला, २०१८ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. कोणीही आपला छोटा सर्व्हर चालवावा, आणि एकच व्हिडिओ बघणाऱ्यांचे ब्राउझर एकमेकांना तुकडे देतात. एखाद्या छोट्या संस्थेला, शाळेला, नाटकाच्या ग्रुपला मोठ्या कंपनीकडे न जाता आपले व्हिडिओ ठेवता येणं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण इथे डिस्कवर जुना सिनेमा राहत नाही, टॅब बंद केला की तुमचं देणं संपलं. म्हणजे एका वेळी बरेच बघणारे असतील तरच मदत, आणि एखाद-दुसराच बघत असेल तर सगळा भार सर्व्हरवर, आणि तो सर्व्हर बंद पडला तर माझ्या दिवाळीच्या सुट्टीसारखं.

यासाठी एका सर्व्हरने दुसऱ्याच्या व्हिडिओची प्रत ठेवायची सोय त्यात आहे. कोणते व्हिडिओ ठेवायचे यासाठी आपोआप चालणारे तीन नियम आहेत: सगळ्यात जास्त बघितलेले, सध्या ट्रेंडिंग असलेले, आणि नुकतेच टाकलेले. नऊ प्रती आणि सहा बघणारेवाला जुना सिनेमा या तिन्हीत कुठेच बसत नाही. त्याच्यासाठी सर्व्हर चालवणाऱ्याने स्वतः तो शोधून हाताने यादीत घालावा लागतो. तेवढी सोय ठेवलेली आहे. मराठीतलं जुनं, दुर्मिळ काही जपणारा कोणी असा सर्व्हर चालवत असेल तर त्याने आज रात्री बसून आधी तीच यादी भरावी, ज्यांच्या प्रती दोन-तीनच उरल्यात त्यांच्यापासून सुरुवात करून.